अहवालात नसलेला रकाना

आमच्या चर्चच्या मंडळीचा वार्षिक अहवाल गेली अकरा वर्षे मी लिहितो. त्यातले रकाने ठरलेले आहेत: बाप्तिस्मे, दृढीकरणे (म्हणजे जाणत्या वयात दिलेली विश्वासाची जाहीर कबुली), विवाह, दफनविधी, वर्गणी आणि अगदी शेवटी छपराच्या दुरुस्तीसाठी जमलेला निधी. यंदा 'सुवार्ताकार्य', म्हणजे ख्रिस्ताची शुभवार्ता इतरांपर्यंत नेण्याचे काम, या मथळ्याखाली मी मागच्या वर्षीचेच वाक्य जवळजवळ जसेच्या तसे उतरवले, की नाताळात पत्रिका वाटण्यात आल्या व चौकात एक गायनसभा झाली. सभेत अहवाल वाचला गेला, मंजूर झाला, चहा झाला, आणि ते वाक्य जुने आहे हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. पाळकसाहेबांच्याही नाही. घरी परतताना मला आधी हसू आले आणि मग लाज वाटली, कारण ज्या एका कामासाठी मंडळी अस्तित्वात आहे, त्या कामाबद्दल वर्षाकाठी एक वाक्य पुरते आणि तेही शिळे चालते, असा त्याचा सरळ अर्थ होता.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात गालीलातील डोंगरावर येशूने अकरा शिष्यांना जी आज्ञा दिली, की जाऊन सर्व राष्ट्रांतल्या लोकांस शिष्य करा, त्यांना बाप्तिस्मा द्या आणि मी आज्ञापिले ते पाळण्यास शिकवा, ती आपल्यापैकी बहुतेकांना शब्बाथ शाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या बायबल वर्गापासून, तोंडपाठ असते. पाठ असल्यामुळेच ती नीट वाचली जात नाही. मूळ ग्रीक वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे, आणि ते 'शिष्य करा' हे आहे. जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही तिन्ही धातुसाधिते त्या एका क्रियापदाला टेकून उभी आहेत. आपण मात्र 'जा' या शब्दावर इतका जोर देतो की कोठेतरी लांब गेल्याखेरीज आज्ञा पाळली जातच नाही असे वाटावे. शिवाय तेथे 'मी आज्ञापिले ते शिकवा' असे नसून 'मी आज्ञापिले ते पाळण्यास शिकवा' असे आहे. या दोन वाक्यांतले अंतर पोहण्याचे पुस्तक वाचणे आणि विहिरीत उतरणे यांतल्या अंतराएवढे आहे. आणि त्याच उताऱ्यात, आज्ञेच्या दोनच वचने आधी, मत्तय निःसंकोचपणे नोंदवतो की येशूला पाहून त्यांनी नमन केले, पण काहींना संशय वाटला. संशय वाटणाऱ्यांना वगळून आज्ञा दिली गेली नाही, ही गोष्ट मला फार धीर देणारी वाटते.

वयाच्या अठराव्या वर्षी मला स्वतःला कसलाही संशय नव्हता. सुट्टीत आम्ही चार-पाच मुले एसटी स्थानकावर पत्रिका वाटायला जात असू. एकदा धोतर नेसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी पत्रिका घेतली, चष्मा लावून ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, व्यवस्थित घडी घालून खिशात ठेवली आणि मला विचारले, "बाळ, तू रोज काय वाचतोस?" मी गांगरलो. रोज असे मी काही वाचत नव्हतो. त्यांनी मग आपण पहाटे उठून हरिपाठ म्हणतो हे अगदी सहज, कोणताही तोरा न मिरवता सांगितले, आणि त्यांची गाडी लागली. त्या दिवशी सुवार्ता कोणी कोणाला सांगितली, हे मला आजही ठरवता आलेले नाही. पत्रिका वाटणे वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. एका कागदाने आयुष्य पालटलेली माणसे आहेत. परंतु जो स्वतः शिष्य नाही त्याला दुसऱ्याला शिष्य करता येत नाही, हे मला त्या स्थानकावर कळले, आणि पटायला त्यानंतर आणखी बरीच वर्षे गेली.

माझी आजी नगर जिल्ह्यात बायबलबाई होती. आजच्या मुलांना हा शब्द ठाऊक नसतो. मिशनच्या काळात घरोघरी जाऊन बायकांना शास्त्र वाचून दाखवणाऱ्या, जमल्यास त्यांना अक्षरओळख करून देणाऱ्या स्त्रियांना बायबलबाई म्हणत. आजीची पद्धत अशी होती की ती ज्या घरी जाई तेथे आधी कामाला हात लावी. जात्यावर समोर बसून खुंटा धरी, शेंगा फोडी, कोणाचे मूल मांडीवर घेई, आणि पिशवीतले पुस्तक कोणी "आज काही वाचत नाही का?" असे विचारल्याशिवाय बाहेर काढत नसे. कित्येक घरी ते पुस्तक महिनोन् महिने पिशवीतच राही. पेत्राच्या पहिल्या पत्रात जे म्हटले आहे की तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर देण्यास सदा सिद्ध असा, पण ते सौम्यतेने द्या, त्यातला 'विचारणाऱ्या' हा शब्द आजीने पाळला. आपण बहुधा कोणी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मोठ्याने देत असतो.

या विषयावर मराठी माणसाला दूर जाऊन उदाहरण शोधावे लागत नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे घर डोळ्यांपुढे आणले तरी पुरे. १८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. त्यांनी या देशी प्रवाशाशी आदराने वागून जागा दिली, संस्कृत काव्याबद्दल गप्पा मारल्या, आणि निघताना नव्या कराराची एक प्रत हातात ठेवून सांगितले की हे पुस्तक प्रामाणिकपणे वाचलेत तर दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना त्या वेळी ते हास्यास्पदच वाटले असणार. पण वाचण्याचा दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी वाचायला घेतले, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या गृहस्थांचे नाव आज फारसे कोणाला ठाऊक नाही, आणि मराठी ख्रिस्ती समाजाला आपला सर्वांत मोठा कवी ज्याच्यामुळे मिळाला तो माणूस कोणत्याही अहवालाच्या कोणत्याही रकान्यात नाही. मला या कथेतली भविष्यवाणी तितकीशी महत्त्वाची वाटत नाही. त्यांनी आधी संस्कृत काव्याबद्दल गप्पा मारल्या, म्हणजे समोरच्याला जे प्रिय आहे त्याची त्यांना खरोखर गोडी होती, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

पण आगगाडीतली गोष्ट आपण प्रवचनांतून इतकी सांगतो की तिच्यानंतरची, माझ्या मते अधिक मोलाची गोष्ट झाकली जाते. टिळक ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई झाल्या नाहीत. त्यांच्यावर तर आभाळच कोसळले. नातेवाइकांनी त्यांना पंढरपुरास नेले, नवराबायकोची काही वर्षे ताटातूट झाली, आणि पुढे त्या टिळकांकडे परतल्या तरी आपले सोवळे, आपला स्वयंपाक आणि आपले पाणी सांभाळूनच परतल्या. ज्याच्या वाणीने सभा डोलत असे त्या माणसाला आपल्या घरातल्या एका बाईला वादात जिंकता आले नाही. खरे म्हणजे जिंकण्याचा हट्ट त्यांनी सोडून दिला, आणि त्यांच्या तापट स्वभावाकडे पाहता हेच त्यांचे मोठे तप होते, असे मी म्हणेन. लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत ते दिवस ज्या मिश्कील प्रांजळपणे लिहिले आहेत त्याला मराठीत तोड नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न त्यांना कोणी घातला नव्हता. तो त्यांचा त्यांना पडला, आणि देवाने केली असती तर जनावरांच्या जातींसारखा फरक माणसांच्या देहावर दिसला असता, अशा साध्या विचाराने त्यांनी तो स्वतःच सोडवला. त्यानंतर त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्याच्याही मागून आला, १९०० साली, म्हणजे पतीच्या बाप्तिस्म्यानंतर पाच वर्षांनी.

आजच्या एखाद्या शिबिरात ही पाच वर्षे सांगितली तर व्यवस्थापक मंडळींना ती अपयशाची वाटतील. मला मात्र वाटते की शिष्य होणे म्हणजे काय, हे त्या पाच वर्षांइतके स्पष्टपणे क्वचितच कोठे दिसते. परतल्यानंतर लक्ष्मीबाई रोज एका माणसाला जवळून पाहत होत्या. तो रागावतो, पैसे हातात राहू देत नाही, दारात आलेल्याला घरात घेतो, चुकला की कबूल करतो आणि पुन्हा प्रार्थनेला बसतो, हे त्यांनी पाहिले. टिळकांचे दोष त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ते ठाऊक असूनही त्या आल्या. पौल थेस्सलनीकाकरांस लिहितो की देवाची सुवार्ताच केवळ नव्हे तर आपला जीवही तुम्हाला देण्यास आम्ही राजी होतो. व्याख्यानाला आलेल्या माणसाला सुवार्ता देता येते. जीव द्यायचा तर त्याला घरात घ्यावे लागते, आणि घरात घेतले की तो आपले खरकटेही पाहणार. आपल्याला शिष्य करणे जमत नाही याचे एक कारण मला हे दिसते की आपल्याला आपले खरकटे कोणाला दाखवायचे नसते.

आणि त्याच घरात बालकवीही राहिले. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ज्या मुलाला 'बालकवी' म्हणून गौरवण्यात आले, त्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्याला टिळकांनी पुढे आपल्या घरी नगरला आश्रय दिला, लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया केली, आणि तो हिंदूच राहिला. त्याच्या कवितेतल्या निर्झराला कोणी यार्देन, म्हणजे येशूचा बाप्तिस्मा झाला ती नदी, म्हणवून घेतले नाही. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात तो ऐन तारुण्यात गेला. आपल्यातले काही उत्साही लोक हा प्रसंग ऐकून विचारतील की मग त्या सगळ्या मायेचे चीज काय झाले. हा प्रश्न ज्याला पडतो त्याने सुवार्ता सांगण्याच्या भरीस पडू नये, असे मी थोड्या कठोरपणेच म्हणतो. कारण ज्या मायेचा हिशेब शेवटी बाप्तिस्म्याच्या वहीत मांडायचा असतो तिला समोरचा माणूस पहिल्याच दिवशी ओळखतो.

येथे एका आरोपाला बगल देऊन पुढे जाणे बरे दिसणार नाही. ख्रिस्ती लोक आमिष दाखवून बाटवतात, हे वाक्य मी शाळेत ऐकले, कचेरीत ऐकले आणि आता नातवाच्या वर्गातूनही घरी येते. माझे पणजोबा टिळकांसारखे ब्राह्मण नव्हते. नगर जिल्ह्यातल्या बहुतेक ख्रिस्ती घरांप्रमाणे आमचे घरही गावकुसाबाहेरचे होते. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरला ठाणे केले आणि पुढच्या दोन पिढ्यांत महार-मांग वस्त्यांतून माणसे आली. काही एकेकटी आली, काही संबंध भावकीने. शाळा मिळाली, दुष्काळात धान्य मिळाले, हे खरे आहे, आणि त्या धान्यासाठीच कोणी आले असेल तर तेही मी नाकारणार नाही; उपाशी माणसाच्या हेतूंची गाळणी करण्याचा अधिकार भरल्या पोटी मला नाही. पण ज्याला विहिरीवर चढू देत नाहीत, त्याला कोणी आपल्याशेजारी सतरंजीवर बसवून घेतले, तर त्या बसवण्याला आमिष म्हणायचे की सुवार्ता, हा प्रश्न मला विचारावासा वाटतो. आणि आजचा हिशेब तर उलटाच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याच्या सवलती जातात. नंतरच्या दुरुस्त्यांनी शीख आणि बौद्ध यांना त्या मिळाल्या, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. आमच्याकडे येणारा माणूस सहसा काही घेऊन जात नाही, सोडून येतो.

त्याचबरोबर आपली बाजू नेहमीच धुतल्या तांदळासारखी होती असेही म्हणता येत नाही. गोव्यात सोळाव्या शतकात सत्तेच्या जोरावर देवळे पाडली गेली, आणि राजाच्या भीतीने जेव्हा माणसे रांगेत उभी राहतात तेव्हा बाप्तिस्म्यांचा आकडा वाढतो, शिष्य वाढत नाहीत. त्याच गोव्यात १५७९ साली आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी मात्र दुसरी वाट धरली. तुम्ही आमची पुराणे बंद केलीत, त्यांच्या जागी आम्हाला आमच्या भाषेत काय देता, अशी तेथल्या नवख्रिस्ती लोकांची तक्रार होती. तिला उत्तर म्हणून त्यांनी सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण मराठीत रचले, आणि ते १६१६ साली छापले गेले. एका इंग्रज पाद्र्याने वयाची तीसएक वर्षे गेल्यावर येथे येऊन आमच्या संतांचा छंद आत्मसात करावा, आणि आम्ही जन्मजात मराठी माणसांनी प्रार्थना करताना इंग्रजी पुस्तकातून उचललेले, शब्दाला शब्द लावून उलथवलेले मराठी बोलावे, याचा मला नेहमी खेद होतो. नगर भागात टिळकांच्या आधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले आणि टिळकांनी अभंग-भजनाला घरचे स्थान दिले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. आज आमच्या तरुण संघाला तो पूल ठाऊक नाही. त्यांची गाणी सुरेल असतात, गिटारही छान वाजते. पण शेजारच्या खोलीतल्या माझ्या हिंदू मित्राच्या आईला त्यातला एक शब्द आपला वाटत नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याची भीती अलीकडे फार आहे. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचाही हक्क प्रत्येकाला दिला आहे. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा अर्थ लावला की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. आपल्याकडे या निकालावर पुष्कळ नाराजी आहे, आणि काही राज्यांतल्या कायद्यांनी माणसाला आपला विश्वास बदलण्याआधी सरकारी अर्ज भरायला लावले आहे ती गोष्ट मलाही अन्यायाचीच वाटते. तरी त्या निकालातले एक वाक्य मला ख्रिस्ती माणूस म्हणून खुपत नाही. मी दुसऱ्याचे हृदय पालटू शकतो, असे शास्त्र मला कोठेच सांगत नाही. मी साक्ष देऊ शकतो, सोबत करू शकतो, विचारले तर उत्तर देऊ शकतो. पालटणे हे पवित्र आत्म्याचे काम आहे, आणि त्याला अजून कोणत्याही राज्याने अर्ज भरायला लावलेला नाही.

आता जे मी प्रत्यक्ष करतो त्याबद्दल. चार वर्षांपूर्वी आमच्या इमारतीत भाड्याने राहणारा एक तरुण मला भेटू लागला. त्याची नोकरी रात्रपाळीची होती आणि माझी झोप म्हाताऱ्याची, त्यामुळे पहाटे जिन्यात आमची गाठ पडे. माझी पत्नी रुग्णालयात होती तेव्हा त्याने तीन रात्री माझ्यासोबत काढल्या. मी तेथे बसून स्तोत्रे वाचत असे. तिसऱ्या रात्री त्याने विचारले, "काका, हे तुम्ही बरे वाटावे म्हणून वाचता, की खरे आहे म्हणून?" इतका नेमका प्रश्न मला चाळीस वर्षांत कोणत्याही बायबल वर्गात कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो की सध्या तरी बरे वाटावे म्हणून वाचतो आहे, पण खरे नसते तर बरेही वाटले नसते, असे मला वाटते. पत्नी घरी आल्यावर गुरुवारी संध्याकाळी आम्ही मार्काचे शुभवर्तमान वाचायला बसलो.

मार्कात अध्याय सोळाच आहेत. आम्हाला ते संपवायला चौदा महिने लागले. एक जण उतारा मोठ्याने वाचतो, दुसरा पुस्तक मिटून तो आपल्या शब्दांत सांगतो, काही सुटले तर पहिला भरून काढतो. मग येथे येशू कसा दिसला आणि यातले या आठवड्यात काय करायचे, एवढ्या दोनच प्रश्नांवर बोलणे होते. पुढच्या गुरुवारी पहिली पाच मिनिटे, ठरवले ते झाले का, यासाठी राखलेली असतात. हे शेवटचेच सर्वांत अवघड असते, आणि ते त्याच्यापेक्षा मला अधिक अवघड गेले. क्षमेचा उतारा आला तेव्हा मी एका चुलतभावाला फोन करीन असे म्हणालो होतो. त्याच्याशी जमिनीच्या बांधावरून माझे नऊ वर्षे बोलणे नव्हते. सलग तीन गुरुवार मला "नाही झाले" असे सांगावे लागले. चौथ्या गुरुवारी त्या मुलाने काही न बोलता माझा फोन उचलून माझ्या हातात दिला. आमच्या दोघांत शिष्य कोण कोणाला करीत होते, हे त्या संध्याकाळी स्पष्ट नव्हते. ठरवले ते झाले का, असे विचारणारे माणूस हाताशी असल्याखेरीज 'पाळण्यास शिकवा' हे घडत नाही, एवढे मात्र मला तेव्हा उमगले. इफिसात अपुल्लोसासारखा शास्त्रात प्रवीण वक्ता बोलला तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला या तंबू शिवणाऱ्या जोडप्याने त्याला सभेत अडवले नाही. जवळ घेतले आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. त्यांच्याकडे शिबिर नव्हते, पदवी नव्हती; घर होते.

त्याचा बाप्तिस्मा अजून झालेला नाही. आमच्या वडील मंडळींपैकी दोघे मला भेटले की न चुकता तेवढेच विचारतात. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना त्यात जागा दिली, तेव्हा त्यांच्यावरही अशाच भुवया उंचावल्या होत्या. टिळकांशी मी येथे पूर्ण सहमत नाही. बाप्तिस्मा त्या आज्ञेतच आहे, आणि तो कायमचा बाजूला ठेवून चालणार नाही. उघड कबुली आणि मंडळीचे नाते यांवाचून विश्वास घरातल्या घरात सुकतो. पण तो केव्हा घ्यायचा, हे माझ्या अहवालाच्या तारखेवरून ठरू नये. दरबार फार चालला नाही, कारण १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेलेच. तो चालता तर त्याचे काय झाले असते, यावर मी कित्येकदा विचार करतो.

या सगळ्यात मला सर्वांत अधिक बोचणारी गोष्ट दुसरीच आहे. माझ्या स्वतःच्या मुलाबरोबर मी असा एकही गुरुवार बसलो नाही. त्याचा बालपणीच बाप्तिस्मा झाला, पंधराव्या वर्षी दृढीकरण झाले, म्हणजे माझ्या वहीत त्याचे दोन्ही रकाने भरलेले आहेत. तो आता परगावी असतो, नाताळाला घरी येतो, उपासनेला माझ्यासाठी येतो. मंडळीतल्या निम्म्या घरांची हीच कथा आहे, आणि तरीही सुवार्ताकार्य म्हटले की आपली नजर वेशीबाहेर जाते. जन्माने ख्रिस्ती असलेल्या माणसाला कोणी कधी 'ये, आणि पाहा' असे म्हणतच नाही. तो आलेलाच आहे, असे धरून चालतात. मागच्या नाताळात मी त्याला धीर करून सांगितले की तू लहान असताना हे करायला हवे होते, ते मी केले नाही. तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बाबा, फोनवर जमेल का?" आता रविवारी रात्री आम्ही वाचतो. आम्ही पाचव्या अध्यायात आहोत आणि त्याने आतापर्यंत दोनदा झोप लागल्याची सबब सांगितली आहे.

त्या तरुणाची आई गेल्या महिन्यात गावाहून आली होती. मी त्यांना भेटायला गेलो, कारण लपूनछपून काही चालले आहे असे त्यांना वाटू नये, आणि टिळकांच्या घराची गोष्ट माहीत असलेल्या माणसाला मागे राहणाऱ्यांचे रडणे विसरता येत नाही. त्यांनी मला चहा दिला, कपाला कान असलेली बाजू माझ्याकडे करून दिला, आणि मुलगा आता दारू पीत नाही, आठवड्यातून दोनदा फोन करतो, हे आनंदाने सांगितले. मग पदर सावरून त्या म्हणाल्या, "ते सगळं चांगलं आहे हो भाऊ. पण माझ्या मागे माझं कोण करणार?"

मला त्यावर काही उत्तर देता आले नाही. आजी असती तर तिनेही पुस्तक उघडले नसते, असे वाटते. मी त्यांना म्हणालो की हे तुम्ही त्यालाच माझ्यासमोर विचारा, आणि त्याने काहीही ठरवले तरी तुम्ही आजारी पडाल तेव्हा तो तुमच्या उशाशी असेल, एवढे मी त्याच्याकडून मागून घेईन. त्या गुरुवारी आम्ही मार्काचा सातवा अध्याय पुन्हा काढला, जेथे आईबापांना जे द्यायचे ते देवाला वाहिले असे म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने फटकारले आहे. त्याने तो उतारा वाचला, पुस्तक मिटले, आणि या वेळी आपल्या शब्दांत सांगायला त्याला फार वेळ लागला. त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती.